सातपुड्यांतला साज

आपल्याकडे लग्नाचा शालू घ्यावयाचा झाला, तर विणकराचें नांवहि कोणी विचारीत नाहीं. त्यानें तो विणतांना कांहीं व्रत पाळलें होतें काय, हा प्रश्न तर वेडगळच ठरेल. नंदुरबार जिल्ह्याच्या डोंगरांत मात्र साज करणारा आणि तो अंगावर घालणारा हा पुष्कळदां एकच मनुष्य असतो, व तो व्रतस्थ असावा लागतो.

अक्कलकुवा तालुक्यांतील काठी हें एके काळीं भिल्लांच्या एका मेवासी संस्थानाचें ठाणें. तेथील राजवाडी होळीची परंपरा इ. स. १२४६ पासूनची सांगतात. फाल्गुनी पौर्णिमेला रात्रभर ढोल घुमतात आणि उंच बांबूची ती होळी पहांटे पेटते. त्या रात्रींचा बुध्या पाहावा! अंगावर पांढरे ठिपके, कमरेला वाळलेले भोपळे व घुंगरूं, मस्तकीं बांबूच्या कामट्यांचा, मोरपिसें खोंवलेला टोप. तो नाचतो तो नवसासाठीं. त्या दिवसांत तो बाजेवर निजत नाहीं, ब्रह्मचर्य पाळतो.

हा साज एका रात्रींत दिसतो, पण एका रात्रींत होत नाहीं. मोर आपला पिसारा पावसाळा सरतां सरतां गाळतो. पिसें वेंचावयाचीं तीं तेव्हां. भोपळ्याचा वेल पावसाळ्यांत चढतो, फळ वेलावरच जून होऊं द्यावें लागतें, आणि आंतलें बीं सुटें होऊन खुळखुळूं लागलें म्हणजे तें कमरेला बांधण्याजोगें झालें. मोर १९६३ सालीं राष्ट्रीय पक्षी ठरला आणि १९७२ च्या कायद्यानें त्याची शिकार वर्ज्य झाली. आपोआप गळलेल्या पिसांना मात्र त्या कायद्यानें सूट ठेविली. (माझ्या दिवाणखान्यांतल्या फुलदाणींतलीं पिसें कशीं मिळालीं, हें मीं कधीं विचारलें नव्हतें.)

माझे एक रसिक स्नेही म्हणतात, असे टोप विकत घेऊन संग्रहालयांत ठेवावे, म्हणजे कला तरेल. त्यांच्या हेतूविषयीं मला शंका नाहीं. पण कांचेमागें टोप राहील, त्याखालचा उपवासी माणूस राहणार नाहीं. शिवाय टोपाला जें लागतें तें बाजारांत नसून रानांत आहे. नर्मदेवरील सरदार सरोवरानें अक्कलकुवा व अक्राणी या तालुक्यांतील ३३ गांवांना बाधा पोंचली, आणि कित्येक कुटुंबें तळोद्याकडील सपाटीवर वसलीं. तेथें शेत मिळालें. परंतु मोर जेथें पिसें टाकतो तें रान आणि बांबूचीं बेटें कागदावर लिहून देतां येत नाहींत. या कलेला आश्रय द्यावयाचाच असेल, तर मी म्हणेन, प्रथम तें रान राखावें.

होळी विझल्यावर एका घरीं गेलों असतां आढ्याला भोपळ्यांची माळ पुन्हां टांगलेली दिसली. त्यांतला एक फुटला होता. घरधन्याची म्हातारी आई त्यांतलें बीं सुपांत निवडीत बसली होती.