कासंडी आणि कंबर
पलूस तालुक्यातल्या त्या गोठ्यात पहाट उजाडते ती कंबरेच्या कळेनेच. शेणाची पाटी उचलताना घरच्या सुनेला उसण भरलीय. पण म्हशींची धार थांबत नाही. उकिडवं बसायचं, गुडघ्यांत कासंडी धरायची, कपाळ म्हशीच्या कुशीला टेकवायचं.

एका म्हशीला दिवसाला 50-60 लिटर पाणी लागतं. चार म्हशी म्हणजे दोनशे किलोंहून जास्त वजन, एकेक बादली करून वाहिलेलं! वैरण आणि ओलं शेण वेगळंच. दुधाचं फॅट दोन्ही वेळा मोजलं जातं. हे ओझंही कुणीतरी मोजायला हवं.

दुष्काळात ते आणखी वाढतं. 2012-13 मध्ये म्हसवडला माणदेशी फाउंडेशनची चारा छावणी होती. घरदार सोडून माणसं महिनोन्महिने जनावरांजवळच राहिली.

उसण भरल्यापासून ती सून एका भरल्या बादलीऐवजी दोन अर्ध्या नेते, दोन्ही हातांत. पाटी उचलताना कंबरेत नाही, गुडघ्यांत वाकते आणि पाटी पोटाशी धरते. वजन अंगापासून जितकं लांब, तितका मणक्यावर ताण जास्त. शेण ओढायला लांब दांड्याचं फावडं आणलंय.

रात्री कंबर शेकून देताना सासूबाई म्हणाल्या, "उद्या सकाळची धार मी काढते. तू नीज."