आजोबांची खरेदी

लहान मुलांसाठी खाऊ किंवा खेळणे आणणे फारसे अवघड नसते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसाठी एखादी वस्तू निवडायची म्हणजे मात्र मोठ्या माणसांची परीक्षाच असते. या वयाच्या मुलांना आपल्याला काय हवे ते पक्के ठाऊक असते; परंतु ते मोठ्यांना पटवून देण्याइतके शब्द त्यांच्यापाशी नसतात.

गिरगावातील एका जुन्या चाळीत राहणाऱ्या एका आजोबांवर असाच प्रसंग आला. त्यांच्या नातीला सोळावे वर्ष लागणार होते. ती विजेची गिटार वाजवी. या गिटारीचे अंग बहुधा भरीव लाकडाचे असते. सतारीसारखा पोकळ भोपळा नसल्यामुळे तिच्या तारा नुसत्या छेडल्या, तर तो आवाज पलीकडच्या खोलीतही जात नाही. तारांखाली लोहचुंबक व तांब्याच्या तारेची वेटोळी बसवलेली असतात. त्यांच्या योगाने तारांच्या कंपनांपासून विजेच्या क्षीण लहरी निर्माण होतात. त्या लहरी बळकट करून कर्ण्यातून ऐकवणे हे ध्वनिवर्धकाचे काम. नातीला वाढदिवसासाठी असा ध्वनिवर्धक हवा होता. “पण आजोबा, तो व्हॉल्व्हचाच हवा हं!” असे तिने बजावले होते.

व्हॉल्व्ह हा शब्द ऐकताच आजोबांचा चेहरा खुलला. लॅमिंग्टन रोडवरील एका दुकानात त्यांनी उमेदीची वर्षे रेडिओ दुरुस्त करण्यात घालवली होती. त्या काळचे रेडिओ म्हणजे चांगली लाकडी पेटीच असे. कळ फिरवल्यावर लगेच आवाज यायचा नाही. आतले व्हॉल्व्ह हळूहळू तापत, काचेतून तांबूस प्रकाश दिसू लागे, आणि मग कुठे निवेदकाचा आवाज उमटे. व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून टाकलेली काचेची नळी. तिच्यातील तापलेल्या भागापासून विद्युत्कण निघतात व समोरच्या पत्र्याकडे धावतात. वाटेत तारेची एक जाळी असते. पाटाच्या तोंडाशी लावलेली फळी बोटभर वर-खाली केली की मळ्यात जाणारे सारे पाणी कमी-अधिक होते, तसेच या जाळीचे असते. तिच्यावरील विजेत किंचित फरक पडला की विद्युत्कणांच्या सबंध प्रवाहात मोठा फरक पडतो. क्षीण लहर बलवान होते ती अशी.

पुढे ट्रान्झिस्टर आला. त्याचा शोध अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९४७ साली लागला होता. तो नखाएवढा, स्वस्त आणि लगेच बोलणारा! काही वर्षांतच व्हॉल्व्हचे रेडिओ माळ्यावर गेले आणि आजोबांच्या हातातले कसब निरुपयोगी ठरले. ज्या वस्तूला जगाने निरोप दिला, ती आपल्या नातीला हवी आहे, याचे त्यांना नवल वाटले आणि आनंदही झाला. आज व्हॉल्व्ह तयार करणारे कारखाने मोजकेच उरले आहेत. ते रशिया, स्लोव्हाकिया, चीन अशा थोड्या देशांत आहेत. ते टिकून राहिले याचे बरेचसे श्रेय गिटार वाजवणाऱ्यांना द्यावे लागेल.

धोबी तलावाजवळच्या एका वाद्यांच्या दुकानात आजोबा एकटेच गेले. दुकानदाराने त्यांच्यापुढे पन्नास वॅटचा एक भला थोरला ध्वनिवर्धक आणून ठेवला. त्याच्याशेजारी पाच वॅटची एक पेटी होती. ती आपल्या जुन्या रेडिओहून फारशी मोठी नव्हती. भेट द्यायची तर भारदस्त असावी, असे कोणत्या आजोबांना वाटणार नाही? पण त्यांना चाळीतल्या पातळ भिंती आठवल्या. शिवाय, आवाज दुप्पट भासायला शक्ती सुमारे दहापट लागते, हा हिशेब त्यांना पाठ होता. म्हणजे पन्नास वॅटची पेटी पाच वॅटच्या पेटीच्या जेमतेम दुप्पट आवाज देणार! त्यांनी लहान पेटीच्या मागच्या जाळीतून आत डोकावून पाहिले. आत ईएल ८४ हा व्हॉल्व्ह होता. कितीतरी रेडिओंत त्यांनी स्वतःच्या हातांनी तो बदलला होता. जुना स्नेही भेटल्यासारखे त्यांना झाले.

दुकानातील मुलाने गिटार जोडली आणि आवाजाची कळ पुरती फिरवली. त्याबरोबर पेटीतून असा फाटका, खरखरता सूर निघाला की आजोबांनी कपाळाला आठ्या घातल्या. “हिच्यात दोष आहे,” ते म्हणाले.

“काका, लोक त्यासाठीच ही घेतात,” दुकानदार हसून म्हणाला.

आजोबा काही न घेताच परतले. त्यांची अडचण समजण्याजोगी होती. आवाजातली खरखर काढून टाकणे हाच त्यांचा जन्माचा उद्योग. आणि इथे ती खरखर पैसे मोजून विकत घ्यायची! अशी अडचण त्यांच्या एकट्याचीच नव्हती. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी लिओ फेंडर नावाच्या गृहस्थाने १९३८ साली रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले. पुढे त्याने बनवलेले गिटारचे ध्वनिवर्धक जगभर गाजले. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे, आणि आवाज स्वच्छ यावा असाच त्याचा प्रयत्न असे. वाजवणाऱ्यांनी मात्र कळ शेवटपर्यंत फिरवली. १९६२ साली लंडनमध्ये जिम मार्शल या ढोलवादकाच्या दुकानात फेंडरच्याच एका नमुन्यावरून नवा ध्वनिवर्धक तयार झाला. गिटारवाले त्याच्यावर लुब्ध झाले ते त्याच्या दणदणीत, करकरीत आवाजामुळे. १९६४ साली तर इंग्लंडमधील डेव्ह डेव्हिस या सतरा वर्षांच्या मुलाने मनासारखा सूर मिळेना म्हणून आपल्या छोट्या ध्वनिवर्धकाच्या कर्ण्याचा कागद पात्याने कापला. त्या फाटक्या कर्ण्यातून निघालेले गाणे त्या वर्षी इंग्लंडभर गाजले. (त्याच्या घरचे त्याला काय म्हणाले असतील, याची कल्पनाच केलेली बरी!)

रात्री आजोबांनी सारी हकीकत आजीला सांगितली. आजी काही वर्षे गाणे शिकल्या होत्या. मिरजेचा एक तंबोरा अजूनही त्यांच्या खोलीत होता. त्यांनी गवसणी काढली, तंबोरा लावला आणि घोडीवरील तारांखालचे सुताचे दोरे एकेक करून काढून घेतले. तारा सुरात होत्या, पण आवाज लाकडासारखा कोरडा येऊ लागला. मग त्यांनी दोरे पुन्हा सरकवले. तार घोडीला निसटता स्पर्श करू लागली आणि सारी खोली गुंजारवाने भरून गेली. “अहो, ही जवारी म्हणजे तरी काय? तारेची घोडीशी होणारी खरखरच ना?” आजी म्हणाल्या.

आजोबा बराच वेळ ऐकत राहिले. खर्जाच्या तारेतून गंधार उमटत होता. गंधाराची तार तंबोऱ्याला नसतेच. त्याला गवई स्वयंभू गंधार म्हणतात. मूळ स्वराच्या पाचपट कंपनसंख्येचा तो सूक्ष्म स्वर जवारीमुळे कानांना स्पष्ट होतो. व्हॉल्व्हमध्येही असेच काही घडते, हे रेडिओच्या त्या जुन्या जाणकाराला कोणी सांगायला नको होते. व्हॉल्व्हला त्याच्या ताकदीबाहेर काम दिले, की लहरींचे शेंडे बोथट होतात आणि मूळ स्वरात दुप्पट, तिप्पट कंपनसंख्येचे नवे स्वर मिसळतात. व्हॉल्व्ह हे हळूहळू करतो. साध्या ट्रान्झिस्टरच्या जोडणीत शेंडे एकदम छाटले जातात, म्हणून तो आवाज कानाला बोचतो. पन्नास वॅटची पेटी घरात एवढी राबवली, तर चाळच काय, सारी गल्ली गोळा व्हायची! लहान पेटी घेणे दोन्ही अंगांनी शहाणपणाचे होते.

दुसऱ्या दिवशी आजोबा नातीला घेऊन त्याच दुकानात गेले. या वेळी त्यांनी कळेला हात लावला नाही. नातीने ती स्वतःच फिरवली. एकदा थोडी, एकदा अधिक. तार हलक्या हाताने छेडली की सूर स्वच्छ येई. जोराने छेडली की करकरे. नात हाताच्या बळाने पेटीकडून हवे ते बोलवून घेत होती. आजोबांच्या कपाळावर आठ्या नव्हत्या, तरी तो आवाज त्यांना आवडला असे म्हणणे धाडसाचे होईल. नात मात्र ती पाच वॅटची पेटी सोडून दुसऱ्या कशाकडे बघेना. आजोबांनी ती २३० व्होल्टच्या विजेवर चालणारी आहे ना, हे तेवढे पाहून घेतले. कारण अमेरिकेत वीज १२० व्होल्टची असते.

घरी येताच त्यांनी नातीला दोन गोष्टी बजावल्या. कर्णा जोडलेला नसेल तर पेटी कधीही सुरू करायची नाही. आतला ट्रान्सफॉर्मर जळण्याचा संभव असतो. आणि मागचे झाकण उघडायचे नाही. प्लग काढल्यावरही आत तीनशे व्होल्टच्या आसपास वीज साठून राहिलेली असू शकते आणि ती जिवावर बेतते.

“तुम्ही तर किती रेडिओ उघडलेत, आजोबा!” नात म्हणाली.

“म्हणूनच सांगतो,” आजोबा म्हणाले. त्यांनी झाकणाचे चारही स्क्रू पुन्हा एकदा घट्ट केले आणि पेचकस आपल्या खिशात घातला.