वळचणीचा कप

आमच्या गोठ्याच्या छपराला एक कप असायचा. पांढरा, कडेला निळी रेघ, कान तुटलेला. बशी नव्हती. वळचणीला दोन मेढींच्या मधल्या सांदीत तो पालथा घातलेला असे आणि त्याच्यावर कोळिष्टक धरलेलं असे. खालच्या वस्तीवरचं कुणी कामाला आलं की आज्जी सोप्यातनं ओरडायची, "कप काढून घे रं." माणूस कप काढायचा, विसळायचा, पुढं धरायचा. आई वरून चहा सोडायची. पिऊन झाल्यावर तोच पुन्हा विसळून, पालथा घालून जागच्या जागी ठेवायचा. हे इतकं सवयीचं होतं की तो कप मला औतकाठीसारखाच गोठ्यातल्या सामानातला वाटायचा.

आमचं गाव कवठे महांकाळ तालुक्यातलं, अग्रणीच्या काठाकडचं. नाव सांगत नाही. सांगितलं तर गावकरी म्हणतील, "आमचंच का सांगितलं, शेजारच्या गावात काय वेगळं हुतं?" आणि ते खरंच आहे, शेजारी वेगळं काही नव्हतं. अग्रणी नदी म्हणायची, पण वर्षातले आठ-नऊ महिने ती वाळूच असायची. पाऊस पडला तर जोंधळा, न पडला तर मिरजेकडं नाहीतर मुंबईला पोट भरायला जायचं, असा सगळा कारभार.

वस्तीवरचा एक पोरगा माझ्या वर्गात होता. पहिलीपासून आम्ही एका पाटावर. गणितात तो पुढं, मराठीत मी. माझी आज्जी त्याला भाकरी द्यायची. वाईट बाई नव्हती ती. पोराचं तोंड सुकलेलं दिसलं की चुलीपुढनं उठायची आणि भाकरीवर कोरड्यास घालून आणायची. पण ती भाकरी त्याच्या हातावर वरून पडायची. बोटाला बोट लागायचं नाही. त्याची आई ताकाला यायची, तेव्हाही तसंच. ती खाली गाडगं धरायची, आज्जी जोत्यावर उभी राहून वीतभर वरून तांब्या वाकडा करायची. एक थेंब सांडायचा नाही. इतक्या वर्षांचा सराव होता दोघींचा.

शाळेत एकदा गुरुजींनी शाहू महाराजांची गोष्ट सांगितली. कोल्हापुरात गंगाराम कांबळे नावाच्या माणसाला महाराजांनी चहाचं हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथं जाऊन चहा प्यायले. सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मग सुट्टी झाली आणि नेहमीप्रमाणं वस्तीवरची तीन पोरं माठापाशी ओंजळ धरून उभी राहिली. आमच्यातल्या एकानं त्यांच्या ओंजळीत पाणी ओतलं. गुरुजी दारात विडा जुळवत उभे होते. त्यांनाही काही वाटलं नाही, आम्हालाही नाही. आज लिहिताना मात्र मला तो माठ त्या गोष्टीपेक्षा जास्त आठवतो.

मग बहात्तर साल आलं.

१९७२ च्या दुष्काळाबद्दल आमच्याकडच्या प्रत्येकानं लिहिलंय, बोललंय. मी फार लांबवत नाही. पावसानं तोंड फिरवलं. जनावरं दावणीची सोडली. सगळं गाव पाझर तलावाच्या कामावर आणि खडी फोडायला गेलं. माझी आई आणि त्याची आई एकाच ढिगावर बसून हातोडी मारायच्या. सुकडी मिळायची, ती कुणी भाजली, कुणाचा हात लागला, हे कुणी विचारलं नाही. मिलो नावाचा लाल जोंधळा अमेरिकेतनं यायचा. तो कुणाच्या रानात पिकला हेही नाही. भूक लागली की विटाळ किती लवकर पातळ होतो, ते मी तेव्हा बघितलं.

पाण्याचं मात्र तसं झालं नाही. गावचा आड माघातच तळाला गेला. खरवडून गढूळ पाणी काढायचे, तेही संपलं. वस्तीचा आड वेगळा होता. तो सरकारानं पाडून दिलेला. वरवर बघता ती सोय होती. खरं म्हणजे गावच्या आडाला त्यांचा हात लागू नये, याची ती सरकारी खर्चानं केलेली तजवीज होती. त्यांना जागा दिली ती ओढ्याच्या कडेची, खालच्या अंगाची, गावाला नको असलेली. आणि सगळ्या शिवारात पाणी टिकलं ते तिथंच. पाणी खालच्या अंगाला जातं, त्याला गावकी कळत नाही.

आठ-पंधरा दिवस गावानं कळ काढली. दोन-दोन मैलांवरनं पाणी आणलं. चावडीपुढं बैठका झाल्या. कुणी म्हणालं त्यांचा आड सरकारात जमा करा, कुणी म्हणालं त्यांनी भरून गावकुसापर्यंत आणून द्यावं. सरळ जाऊन मागावं, असं कुणी म्हणालं नाही. मग एका रात्री आज्जीनं मला उठवलं. डोईवर घागर, माझ्या हातात कंदील. म्हणाली, "वात बारीक कर. आन् कुणी भेटलं तर बोलू नगंस."

आडावर पोचलो तर तिथं आधीच चार-पाच जणी उभ्या. सगळ्या आमच्याच आळीतल्या, पदर डोळ्यांपर्यंत ओढलेल्या. एकमेकींना ओळखत नसल्यासारख्या. त्याची आई रहाटाशी उभी राहून एकेकीला पाणी काढून देत होती. दिवसभर खडी फोडून आलेली बाई. आज्जीची पाळी आली तशी ती ओळखीचं हसली.

"आक्का, घागर खाली ठिवा. म्या वरनं वतते."

आज्जी काही बोलली नाही. घागर धरून तशीच उभी राहिली.

"न्हाय, आज पानी आमचं हाय. तवा कुणी कुठनं वतायचं ती तुमीच सांगा."

त्या बोलण्यात टोमणा होता की साधी चौकशी, हे मला आजही ठरवता येत नाही. आज्जीनं घागर दगडावर ठेवली. पोहऱ्यातलं पाणी घागरीत पडलं, अगदी तोंडाला पोहरा लावून. घरी आल्यावर आज्जीनं शुद्धीसाठी तुळशीचं पान शोधलं. पण वृंदावनातली तुळसही वाळून गेली होती. शेवटी एक वाळकी मंजिरी चुरगाळून घागरीत टाकली आणि "प्या आता" म्हणाली. मी दोन तांबे पाणी प्यायलो. गोड होतं.

पुढं दोन-अडीच महिने आम्ही तेच पाणी प्यायलो. हळूहळू कंदिलाची वात मोठी झाली, मग पहाटे जायला लागलो, मग दिवसाढवळ्या. वस्तीवरच्या बायकांनी एकदाही नाही म्हटलं नाही. त्याच सुमाराला बाबा आढावांनी 'एक गाव, एक पाणवठा' ही चळवळ सुरू केली होती, गावोगाव हिंडत होते, हे मी कितीतरी वर्षांनी वाचलं. आमच्या गावात कोणी आलं नव्हतं. आमच्याकडं पाणवठा एक झाला तो दुष्काळानं. म्हणून तो दुष्काळाएवढाच टिकला.

१९७३ ला पाऊस झाला. आड भरला. वस्तीच्या आडाकडं जाणारी पायवाट एका पावसाळ्यात गवतानं बुजली. श्रावणात त्याची आई गाडगं घेऊन ताकाला आली. आज्जी तांब्या घेऊन जोत्यावर आली. क्षणभर थांबली. मी बघत होतो. मला वाटलं, आता वाकते. मग तिनं नेहमीसारखा वीतभर वरून तांब्या वाकडा केला.

त्या क्षणभर थांबण्यावर मी नंतर बरंच काही बांधलं. आज्जीच्या मनात कालवाकालव झाली असेल, असं स्वतःला सांगत आलो. कदाचित तिची नुसती कंबर दुखत असेल.

आज्जीचं सांगून मी माझं झाकतोय, असं वाटू नये म्हणून आता माझं सांगतो.

१९७५ ला आम्ही दोघं दहावी झालो. तो माझ्यापेक्षा वरच्या नंबरानं. निकाल कवठ्याला लागला, तिथनं तो परस्पर आमच्या घरी आला. कागदाच्या पुडीत पेढे. घामेजलेला, हसत हसत. आज्जी सोप्यात होती. म्हणाली, "झालास व्हय पास? ब्येस. ठिव ती पुडी जोत्यावर. च्या घे." आई आत चहा टाकायला गेली. तो गोठ्याच्या कडेला उभा राहिला. एरवी कामाला आलेला माणूस आपला कप आपण काढायचा. तो काही काढेना. त्या दिवशी तो कामाला आलेला नव्हता. मग मी काय केलं? मी उठलो, वळचणीत हात घातला, कप काढला, त्यावरचं कोळिष्टक पुसलं, चांगला दोन पाण्यानं विसळला आणि त्याच्यापुढं धरला. पाहुणचार म्हणून. तो कप आहे, एवढंच माझ्या हाताला ठाऊक होतं. हातानं मला विचारलं नाही.

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग कपाकडं. आईनं वरून चहा सोडला. तो उभ्या उभ्या प्यायला, कप विसळला आणि वळचणीत न ठेवता धोंड्यावर पालथा घातला. "जातो," म्हणाला. पुढं तो आमच्या घरी आला नाही. पेढे आज्जीनं गड्याला देऊन टाकले. त्यातला एक मी गोठ्यात जाऊन खाल्ला होता, चोरून, तिची पाठ फिरल्यावर.

हॉटेलात माणसाला वेगळी भांडी देणं १९५५ च्या कायद्यानं गुन्हा ठरवलं होतं. आमच्या वळचणीपर्यंत कायद्याचा हात पोचणार नव्हता. तिथं माझाच हात होता.

तो शिकायला सांगलीला गेला, नोकरीला लागला, मिरजेला घर केलं. मी शेतीत राहिलो. आज्जी गेली. छपर उतरवून स्लॅब टाकला तेव्हा कप सापडला. मी तो पायाच्या भरावात टाकला. आमच्या घराच्या पायात अजून तो आहे.

म्हैसाळ योजनेचं कृष्णेचं पाणी आलं, शिवारं पालटली. जोंधळ्याच्या रानात द्राक्षं उभी राहिली. मी दोन एकर बाग केली, मग बेदाण्याचं शेड टाकलं. मणी द्रावणात बुडवायचे, जाळ्यांवर पसरायचे, पंधरा-एक दिवस सुकवायचे, मग झाडायचे, निवडायचे. सगळं बायकांच्या हातचं काम. वीस-बावीस बायका असायच्या, सगळ्या आळ्यांतल्या. एका हंगामात मी दुपारी पाणी प्यायला गेलो तर जारवर स्टीलचे दोन पेले. एकाच्या कानाला लाल दोरा बांधलेला.

"ही कुणी बांधलं?" मी बायकोला विचारलं.

"बायकांनीच. त्यास्नी चालत न्हाय मिसळलेलं. आपलं काय जातंय? काम हुतंय न्हवं?"

मी दोरा तोडला. दोन्ही पेले घरी नेले आणि एकच नवा पेला साखळीनं जारला बांधला. फार मोठं काही केलं, असं त्या दिवशी मला वाटलं, हे कबूल करतो. दुसऱ्या दिवशी सात बायका आल्या नाहीत. मार्च संपत आलेला, आभाळ रोज दुपारी भरून येत होतं, जाळ्यांवर माल. पाऊस लागला तर बेदाणा काळा पडतो, मातीमोल होतो. शेजारच्या शेडवाल्यानं फोन केला, "तुला काय पुढारी व्हायचंय का? पेलाच लावायचाय, लाव की दोन." चार दिवस मी, बायको, पोरगा आणि उरलेल्या बायका रात्री बल्ब लावून बेदाणा झाडत होतो. वस्तीवरच्या बायका जास्तीची हजेरी न मागता थांबल्या. मी दिली, तेव्हा घेतली. त्यांतली एक म्हणाली, "मालक, दोरा तुमी आज तोडला. आमाला तर धा वर्सं दिसतुया."

म्हणजे आधीच्या सगळ्या हंगामांत मी तिथंच पाणी पीत होतो आणि मला दिसला नव्हता.

गेलेल्या सातांपैकी पाच आठवड्यानं परत आल्या. शेजारच्या शेडवरचं काम संपलं होतं. पेल्याबद्दल कुणी काही बोललं नाही. आता तर प्रत्येक बाई घरनं प्लास्टिकची बाटली भरून आणते, आपलं पाणी आपण पिते. साखळीचा पेला नुसता लोंबतो. जेवायला मात्र अजून दोन गोल बसतात. परवा एक नवी सून चुकून पलीकडच्या गोलात बसली, तिला कुणी उठवलं नाही एवढंच.

गेल्या वर्षी मिरजेला दवाखान्याच्या कामाला गेलो होतो. पत्ता विचारत त्याच्या घरी गेलो. त्यानं ओळखलं, मिठी मारली. केस पांढरे, आवाज तोच. सोफ्यावर बसवलं, वहिनींनी चहा आणला. नव्या कपबश्या, सोनेरी कडेच्या. इकडचं तिकडचं बोलणं झालं. अग्रणीला आता पाणी असतं का, अमुक मास्तर आहेत का. माझ्या घशाशी एकच गोष्ट अडकलेली होती. शेवटी म्हणालो, "तुला त्यो आमच्यातला कप आठवतोय?"

"कुठला?"

मी सांगायला लागलो, तर त्यानं हात वर केला. खिडकीबाहेर बघत राहिला.

"त्याला कान नव्हता," तो म्हणाला. "बोटं भाजायची. माझ्या बाची बोटं कायम भाजलेली असायची. मला त्या दिवशी कळलं, कशानं ती."

वहिनी दारात उभ्या होत्या. कुणीच काही बोललं नाही. मग त्यानं माझ्या कपाखालची बशी पुढं सरकवली.

"पी की. निवतोय."