फाईल नष्ट करण्याचा अधिकार

सरकारी कचेरीत फाईल उघडणे जितके सोपे, तितकेच ती नष्ट करणे अवघड असते. हे अवघडपण हेतुपुरस्सर ठेवलेले आहे. केंद्रीय सचिवालयाच्या कार्यपद्धतीनुसार काम संपलेल्या फाईलची वर्गवारी होते. काही अभिलेख कायमचे जतन होतात, काही ठरावीक मुदतीपुरते. मुदत संपल्यावरही छाननी, नोंद आणि सक्षम अधिकाऱ्याची संमती लागते. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने याला वैधानिक आधार दिला. त्याच्या उल्लंघनासाठी पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे, आणि संगणकाने निर्माण केलेले साहित्यही 'अभिलेख' या व्याख्येत येते. हा शेवटचा भाग आपल्यापैकी अनेकांच्या ध्यानात नसतो.

२०१४ मध्ये 'मेघराज' हा शासकीय क्लाउड सुरू झाला आणि कचेऱ्यांची कपाटे हळूहळू दूरच्या सर्व्हरवर गेली. तेथील कारभार कन्सोलवरून चालतो. लिनक्सच्या काळ्या पडद्यावर 'आरएम' ही दोन अक्षरी आज्ञा योग्य पर्यायांसह दिली, की संपूर्ण डिरेक्टरी तिच्या पोटातील उपडिरेक्टऱ्यांसह नाहीशी होते. तेथे कचऱ्याची टोपली नसते, कारण विचारले जात नाही आणि टिपणीही उरत नाही.

मागे एका कार्यालयात मी कंत्राटदार कंपनीच्या तरुण तंत्रज्ञाशेजारी बसलो होतो. डिस्क भरत आली होती. 'जुने' अशा नावाच्या एका डिरेक्टरीकडे बोट दाखवून त्याने विचारले, "सर, ही काढून टाकू?" आत स्कॅन केलेली निवृत्तिवेतनाची प्रकरणे होती. त्यांचा वर्ग कोणता, मुदत कोणती, हे खोलीतील कोणालाच सांगता येईना. मी त्याला थांबवले. त्याचा प्रश्न प्रामाणिक होता. उत्तर देण्याची जबाबदारी मात्र त्याची नव्हती.

अर्थशास्त्रात याला मालक आणि मुनीम यांचा पेच म्हणता येईल. उत्तरदायित्व एकाकडे, माहिती दुसऱ्याकडे. लिनक्समध्ये प्रत्येक फाईलला मालक, गट आणि इतर अशा तीन पायऱ्यांवर वाचण्याचे, लिहिण्याचे व चालवण्याचे अधिकार ठरवून देता येतात. पण 'रूट' हा महावापरकर्ता या सर्वांच्या वर असतो, आणि त्याचा परवलीचा शब्द पुष्कळदा कंत्राटदाराच्या हाती असतो.

आणखी एक बारकावा सांगावासा वाटतो. क्लाउडच्या ऑब्जेक्ट साठवणीत, उदाहरणार्थ अमेझॉनच्या एस-थ्रीमध्ये, कन्सोलवर दिसणारा फोल्डर हा सामान्यतः खरा फोल्डर नसतो. तो वस्तूच्या लांबलचक नावाचा केवळ आरंभीचा भाग असतो. त्याचे नाव बदलायचे तर नव्या नावाने नक्कल करून जुनी प्रत काढावी लागते. मग 'शेवटचा बदल' म्हणून नक्कलेची तारीख दिसू लागते. कागदाचे वय हाच जेथे पुरावा असतो, तेथे ही गोष्ट क्षुल्लक नाही.

उपाय गहन नाहीत. साठवणीत आवृत्ती जतन करण्याची सोय चालू ठेवावी, म्हणजे काढलेली वस्तू परत मिळू शकते. लिहिण्याचा व काढण्याचा अधिकार वेगळ्या हातांत द्यावा. डिरेक्टरीच्या नावातच वर्ग आणि मुदत नोंदवावी. कोणी केव्हा काय केले याच्या नोंदी दुसऱ्या सर्व्हरवर ठेवाव्यात. सर्ट-इनच्या २०२२ च्या निर्देशांनुसार अशा नोंदी १८० दिवस राखणे बंधनकारक आहे. परंतु निवृत्तिवेतनाचा वाद सहा महिन्यांत उद्भवेलच असे नाही. म्हणून अभिलेखाच्या मुदतीएवढीच तो हाताळल्याच्या नोंदीची मुदत असावी, असे मला वाटते.

अधिकाऱ्याने आज्ञा पाठ कराव्यात, अशी अपेक्षा नाही. मात्र आपल्या नावे कोणती आज्ञा कोण देऊ शकतो, हे त्याला ठाऊक असलेच पाहिजे. एखाद्या विधवेचे निवृत्तिवेतन त्या 'जुने' नावाच्या डिरेक्टरीतील एका पानावर अवलंबून असू शकते.