बरे आहे!

"काय, तब्येत कशी आहे?" हा प्रश्न आपण ज्यांना सर्वांत अधिक वेळा विचारतो, त्या म्हाताऱ्या माणसांचेच उत्तर आपण सर्वांत कमी ऐकतो. विचारणारा चपला काढता काढता विचारतो. उत्तर देणाराही "बरे आहे" म्हणून मोकळा होतो. दोघांचेही काम भागते!

परंतु हाच प्रश्न काही मंडळींनी आपल्याच पुणे जिल्ह्यात अगदी गंभीरपणे विचारला आहे. शिरूर तालुक्यातले वढू बुद्रुक संभाजी महाराजांच्या समाधीमुळे आपल्याला ठाऊक असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे ग्रामीण आरोग्याचे कामही तेथे कित्येक वर्षे चालू आहे, डॉ. बानू कोयाजी यांनी त्याचा पाया घातला. २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या वार्धक्यविषयक अभ्यासात या परिसरातल्या गावांचा समावेश झाला. पन्नाशी गाठलेल्या पाच हजारांहून अधिक स्त्रीपुरुषांना विचारण्यात आले : एकंदरीत तुमची प्रकृती आज कशी आहे? फार चांगली, चांगली, मध्यम, वाईट, की फार वाईट?

पुढे चार वर्षे त्यांतल्या ५,०८७ जणांची नोंद ठेवली गेली. तेवढ्यात ४१० माणसे निवर्तली. हिशेब मांडला तेव्हा दिसले, की प्रकृती 'वाईट' म्हणणाऱ्या पुरुषांना मृत्यूचा धोका 'चांगली' म्हणणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट होता. आणि तोही वय, अपंगत्व वगैरे गोष्टी जमेस धरून! कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातून १९८२ साली असाच निष्कर्ष आला होता. याचा अर्थ 'चांगली आहे' म्हटल्याने आयुष्य वाढते असा नव्हे. नाडी हाती येण्यापूर्वीच माणसाला स्वतःविषयी काहीतरी कळलेले असते, एवढाच.

स्त्रियांचे गणित मात्र निराळे. त्या पुरुषांपेक्षा अधिक तक्रारी सांगतात; पण त्यांच्या 'वाईट'चा मृत्यूशी संबंध तितका पक्का दिसला नाही. आणखी एक गोष्ट आढळली : जोडीदाराची साथ नसलेल्यांना धोका अधिक.

हे वाचताना मला भीमेपलीकडच्या दौंडची माझी आत्या आठवली. तिचे यजमान रेल्वेत होते. निवृत्तीनंतरही गाड्यांच्या आवाजावाचून झोप येत नाही म्हणून दोघे तेथेच राहिली. आत्याला तब्येत विचारली की गुडघे, पित्त, डोळे, पाठ अशी सगळी स्टेशने घेत गाडी सावकाश निघे. काकांचे उत्तर ठरलेले : "फर्स्ट क्लास!" एका दिवाळीत ते नुसतेच "बरे आहे" म्हणाले. आम्हां सर्वांना ते उत्तर उत्तम वाटले. आत्याने मात्र फराळाचे ताट खाली ठेवले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे नेले. 'फर्स्ट क्लास' आणि 'बरे' यांच्यातले अंतर त्या घरात फक्त तिलाच मोजता येत होते. त्यानंतर काका चांगली सहा वर्षे जगले.

जोडीदाराची साथ म्हणजे औषधाची वेळ सांभाळणे, गरम पाणी काढून देणे, हे तर खरेच. पण आपल्या 'बरे आहे'ची किंमत नेमकी ओळखणारे माणूस घरात असणे, हीही त्या साथीचीच एक बाजू असली पाहिजे. ते माणूस गेले, की तो शब्द सगळ्यांना सारखाच ऐकू येतो.

काका गेल्यापासून आत्याची यादी एकदम आखूड झाली. गुडघे तेच आहेत, पित्तही तेच. पण कोणी विचारले की ती म्हणते, "बरे आहे." घरचे म्हणतात, हल्ली ती कुरकुर करीत नाही. मला त्या शांततेचीच धास्ती वाटते.

वढूच्या परिसरात प्रश्न विचारणारे कार्यकर्ते परके होते. पण ते बसत, पाचही उत्तरे वाचून दाखवीत आणि थांबत. दिवाळीत वडीलधाऱ्यांच्या पाया पडायला आपण जातोच. या खेपेस नमस्कार झाल्यावर जरा बैठक मारावी. नेहमीचा प्रश्न विचारावा, नेहमीचे उत्तर येऊ द्यावे आणि मग आणखी एक प्रश्न पुढे करावा :

"बरे म्हणजे, किती बरे?"