घेरी आणि फेफरें

17 सप्टेंबर हा आम्हां मराठवाड्याच्या लोकांचा दुसरा स्वातंत्र्यदिन. 1948 सालीं याच दिवशीं निजामानें शरणागति पत्करली, म्हणून येथील शाळाशाळांतून त्या दिवशीं ध्वजारोहण होतें. आम्ही घाटनांदुरास शिक्षक असतांना एका वर्षीं हा समारंभ बराच लांबला. ऊन कडक, आणि मुलें सकाळपासून उपाशीं. रांगेंतील आठवीची एक मुलगी वरचेवर जांभया देऊं लागली. आम्हांस तो बेशिस्तपणा वाटला व आम्हीं डोळे वटारले. पाहतां पाहतां तिचा चेहरा पांढराफटक पडला, कपाळीं घाम सुटला आणि ती कोसळली.

आम्ही धांवलों आणि चुकीवर चूक करीत गेलों. तिला उचलून खुर्चीवर बसविलें, तों तिच्या हातापायांस दोनचार झटके आले. कोणीं कांदा आणला, कोणीं चप्पल नाकास लावली, आणि आमच्या तोंडून शब्द निसटला, "फेफरें दिसतें!" शिक्षकाच्या तोंडचा शब्द तो, सायंकाळपर्यंत सर्व गांवांत झाला. मुलगी मिनिटभरांत सावध होऊन "गुरुजी, मी पडलें कां?" असें नीट विचारीत होती, हें कोणीं लक्षांतच घेतलें नाहीं. वडिलांनीं तिला शाळेंतून काढण्याचें ठरविलें. आईचा प्रश्न एकच, "आतां हिचें लग्न कसें व्हायचें?"

मनास टोंचणी लागली, म्हणून आम्ही स्वतः त्यांना घेऊन अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयांत गेलों. डॉक्टरांनीं पडण्यापूर्वीं काय काय झालें तें खोदून विचारलें, निजवून व उभें करून रक्तदाब मोजला, हृदयाचा आलेख काढला आणि हंसून म्हणाले, "गुरुजी, हें फेफरें नव्हे, साधी घेरी आहे. खरा अपराध तुमच्या खुर्चीचा!"

या घेरीस ‘व्हॅसोव्हेगल’ हें नांव 1932 सालीं सर थॉमस ल्युइस या ब्रिटिश वैद्यानें रूढ केलें. फार वेळ स्थिर उभें राहिल्यानें रक्त पायांत सांचतें. त्यांत ऊन, उपास, भीति, वेदना, रक्ताचें किंवा सुईचें दर्शन यांची भर पडली, कीं व्हेगस नांवाचा मज्जातंतु हृदयाची गति मंद करतो, रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब उतरतो आणि मेंदूस क्षणभर रक्त अपुरें पडतें. मनुष्य आडवा होतो तो जणुं निसर्गाचाच उपचार. आम्हीं बसतें करून तोच मोडला. मेंदूस रक्त न पोंचल्यास साध्या घेरींतहि क्षणिक झटके येतात.

चरकाचार्यांनीं सूत्रस्थानांत मूर्च्छा व संन्यास यांचा भेद सांगितला आहे. मूर्च्छा वेग ओसरतांच आपोआप शमते. संन्यास औषधावांचून शमत नाहीं. हें आम्हीं तरुणपणीं वाचलें होतें; प्रसंगीं मात्र विद्या पोथींतच राहिली.

तरी घरोघरच्या वडील माणसांनीं एवढें ध्यानांत ठेवावें. डोळ्यांपुढें अंधारी, मळमळ, कानांत गुंजारव, घाम, जांभया ही पूर्वसूचना होय. तत्काळ आडवें व्हावें. तें न साधल्यास खालीं बसावें, अथवा पायांवर पाय आंवळून मुठी घट्ट आवळाव्या. पडलेल्यास उताणें निजवून पाय उंच करावे, कपडे सैल करावे, गर्दी हटवावी. पूर्ण सावध होईपर्यंत तोंडांत पाणीसुद्धां घालूं नये. उठवावें तें सावकाश. एरव्हीं भरपूर पाणी पीत जावें. मात्र धांवतांना किंवा निजल्या ठिकाणीं शुद्ध गेली, छातींत कळ वा धडधड झाली, शुद्ध लवकर आली नाहीं, अथवा घराण्यांत कोणी तरुणपणीं अकस्मात् गेलेलें असलें, तर विलंब न लावतां डॉक्टरांकडे जावें.

गांवीं परतल्यावर ज्या ज्या ओट्यावर तो शब्द पोंचला होता, तेथें तेथें जाऊन आम्हीं तो परत घेतला. शब्द सोडावयास क्षण लागला. परत घ्यावयास महिना पुरला नाहीं. मुलगी शाळेंत परत आली. पुढच्या 17 सप्टेंबरला आमच्या रांगेंत एक मुलगा जांभई देऊं लागला. आम्हीं डोळे वटारले नाहींत. त्यास हात धरून सावलींत निजविलें.