ऑफनबाखची अक्षरे

गेल्या वर्षी आमच्या विभागात आफ्रिकी स्वातंत्र्यलढ्यांवर चर्चासत्र झाले. त्याचे भित्तिपत्रक मीच केले. शीर्षकासाठी जाड, कोनदार, लाकडात कोरल्यासारखी अक्षरे निवडली; ती मला ‘आफ्रिकी’ वाटली, एवढेच कारण.

त्या टंकाचे नाव ‘नॉयलांड’. जर्मनीतील ऑफनबाख येथील क्लिंगश्पोर फाउंड्रीसाठी रुडॉल्फ कोख याने तो १९२३ मध्ये घडवला. आधी रेखाटने न करता त्याने अक्षरे थेट धातूत कोरली. म्हणून लहान-मोठ्या आकारांत एकाच अक्षराचे रूप किंचित निराळे दिसते. (यंत्रयुगातला हा हट्ट मला आजही मोहवतो.) त्याच्या जन्माशी आफ्रिकेचा काडीचाही संबंध नाही. त्यातील ओबडधोबडपणाला ‘आदिम’, ‘रानटी’ हे अर्थ पुढे जाहिरातदारांनी आणि प्रकाशकांनी चिकटवले. आफ्रिकेवरील पुस्तकांची मुखपृष्ठे आणि १९९३ च्या ‘जुरासिक पार्क’चे बोधचिन्ह, दोन्हीकडे हाच टंक! माणसे आणि डायनासोर एकाच पंगतीला.

मित्रहो, त्या दिवसांत मी वसाहतवादी दृष्टीवरच प्रबंधिका लिहीत होतो. भित्तिपत्रक आठवडाभर भिंतीवर होते. कोणीही हरकत घेतली नाही. रोज त्याच्यासमोरून जाणाऱ्या मीही नाही.